आडनाव विचारणारे मन : गटपक्षपाताचे सामाजिक मानसशास्त्र

1901 साली सातारा जिल्ह्यातील मसूर रेल्वे स्थानकावर काही मुले वडिलांनी पाठवलेल्या माणसाची वाट पाहत थांबली होती. त्यांत बालवयातील भीमराव आंबेडकर होते. मुलांचे कपडे नीटनेटके, बोलणे चांगले. त्यामुळे स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची मुले वाटली व त्यांनी आस्थेने चौकशी केली. आपण महार आहोत असे मुलांनी सांगताच त्यांचा चेहरा पालटला. पुढे एकही गाडीवान त्यांना नेण्यास राजी होईना. अखेर दुप्पट भाडे घेऊन आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर एक जण तयार झाला. हा प्रसंग डॉ. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात नोंदवला आहे.

या प्रसंगात सामाजिक मानसशास्त्राच्या दृष्टीने एक गोष्ट विशेष लक्षणीय आहे. त्या क्षणाच्या आधी आणि नंतर मुले तीच होती. त्यांची वेशभूषा, वाणी, वर्तन यांत कोणताही फरक पडला नव्हता. मध्ये फक्त एक शब्द आला आणि त्या शब्दाने समोरच्या माणसाची नजर बदलली. ही नजर कशी घडते, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

मानवी मन वर्गीकरण केल्यावाचून व्यवहार करू शकत नाही. फळे, पक्षी, वाहने यांचे आपण प्रकार पाडतो, तसेच माणसांचेही पाडतो. मात्र माणसांच्या बाबतीत वर्ग पाडणारा स्वतःच एका वर्गात उभा असतो, आणि त्यामुळे ‘आपले’ व ‘परके’ ही तुलना तत्काळ सुरू होते. मनातील प्रतिकूल धारणेस पूर्वग्रह म्हणतात; त्यातून घडणाऱ्या कृतीस भेदभाव म्हणतात. परंतु पूर्वग्रह नसतानाही भेदभाव घडू शकतो काय? या प्रश्नाचा शोध हेन्री ताजफेल यांनी घेतला. पोलंडमध्ये जन्मलेले हे ज्यू अभ्यासक दुसऱ्या महायुद्धात फ्रेंच सैनिक म्हणून जर्मनांच्या कैदेत होते. आपण पोलिश ज्यू असल्याचे त्यांनी लपवले, म्हणून ते वाचले. त्यांचे कुटुंब मात्र नष्ट झाले.

ताजफेल यांनी इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे 14-15 वर्षांच्या 64 शाळकरी मुलांवर केलेला प्रयोग 1970 साली प्रसिद्ध झाला. पडद्यावरील ठिपक्यांचा अंदाज करण्याच्या पद्धतीवरून तुमचे दोन गट पाडले आहेत, असे मुलांना सांगण्यात आले. वस्तुतः विभागणी यादृच्छिक होती. नंतर प्रत्येकाने इतर दोघांना थोडे पैसे वाटायचे होते. स्वतःला काहीही घ्यायचे नव्हते. कोणाला देत आहोत हे ठाऊक नव्हते, फक्त त्याचा गट ठाऊक होता. तरीही बहुतेकांनी आपल्या गटाला झुकते माप दिले. त्याहून बोधप्रद बाब पुढील प्रयोगात दिसली. आपल्या गटाला अधिक पैसे मिळवून देणे आणि दुसऱ्या गटाहून अधिक फरकाने पुढे ठेवणे, यांपैकी निवड करताना कित्येकांनी फरक निवडला. त्यासाठी आपल्या गटाचे थोडे नुकसानही सोसले.

डॉ. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, त्याचे मर्म येथे अधिक स्पष्ट होते. उतरंडीतील प्रत्येक थराला आपल्या खाली कोणीतरी हवे असते. म्हणून वरच्याचे जोखड सोसणाराही खालच्याशी अंतर राखतो. अर्थात प्रयोगशाळेतील गट तासाभराचे असतात. जातीच्या गटांमागे धर्माज्ञा, जमीन, विवाह व सत्ता यांचे शतकांचे बळ आहे. त्यामुळे ‘पक्षपात हा मनुष्यस्वभावच आहे’ असे म्हणून कोणी जातीचे समर्थन करू लागल्यास ते निराधार ठरते. मन गट करते. कोणते गट करायचे आणि त्यांना काय मोल द्यायचे, हे समाज शिकवतो.

दिंडोशीसारख्या उपनगरात कोकण, मराठवाडा, विदर्भ, उत्तर भारत अशा सर्व भागांतील माणसे घर शोधत आली. महानगरात जात विचारणे असभ्य मानले जाते. ‘पूर्ण नाव काय? गाव कोणते?’ असे विचारतात. घरमालकाच्या मनात द्वेष असतोच असे नाही. ‘आपल्यातले कुटुंब बरे’ एवढीच त्याची भावना असते. पण अशा शंभर सौम्य निवडी एकत्र झाल्या की एखाद्या समाजाला अख्खी वस्ती बंद होते. सुखदेव थोरात व सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरात केलेला भाड्याच्या घरांचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. दूरध्वनीवरील चौकशीत उच्चजातीय नावांना नकार मिळाला नाही. दलित नावांना सुमारे 18 टक्के, तर मुस्लिम नावांना सुमारे 31 टक्के वेळा मिळाला.

यावर उपाय कोणता? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली मांडले की, समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि संस्थेचे पाठबळ असेल तर परस्परसंपर्काने पूर्वग्रह ओसरतो. 2006 साली 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह घटतो याला सर्वसाधारण पुष्टीच मिळाली. दिंडोशीतच मृणाल गोरे, बाबूराव सामंत आदींच्या पुढाकाराने नागरी निवारा परिषदेने अल्प उत्पन्न गटासाठी हजारो घरे उभारली. घर देण्याचा निकष आडनावाऐवजी गरज हा असला, तर शेजार आपोआप मिश्र होतो. एकच पाण्याची टाकी, एकच जिना, सोसायटीची एकच सभा, असा समान दर्जाचा सहवास व्याख्यानाहून अधिक शिकवतो.

वासेट्ठ सुत्तात तथागतांनी हेच सांगितले आहे की, वनस्पती व प्राणी यांत जन्मसिद्ध भेदाची चिन्हे दिसतात, मनुष्यांत तशी दिसत नाहीत. त्यांच्यातील भेद हे व्यवहारातील नावांचे आहेत. हा उपदेश इतरांना सांगणे सोपे आहे. धम्म स्वीकारल्यानंतरही विवाह जुळवताना जुन्या पोटजातीची चौकशी होत असेल, तर ताजफेलचा प्रयोग आपल्याच घरात चालू आहे असे समजावे. म्हणून सुरुवात साधी असावी. भाडेकरू, सून, जावई किंवा समितीचा सभासद निवडताना आपल्या मनात पहिला प्रश्न कोणता उमटतो, याची प्रत्येकाने काही दिवस जागरूकतेने नोंद ठेवावी. तो प्रश्न आडनावाचा असेल, तर उत्तर मिळण्यापूर्वीच आपण निम्मा निर्णय घेतलेला असतो.