झोपेतून उठवणारी भीती

कोणतेही बाह्य कारण नसताना छाती धडधडणे, श्वास अपुरा पडणे आणि आता मृत्यू येणार असे वाटणे, ही लक्षणे काही मिनिटांत शिगेला पोहोचतात, पुन्हा पुन्हा उद्भवतात आणि पुढच्या झटक्याची धास्ती मनात घर करते, तेव्हा त्या अवस्थेला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. अमेरिकी मानसोपचार संघटनेने १९८० मध्ये तिला स्वतंत्र विकाराचे स्थान दिले. अनेक रुग्णांना असा झटका भर झोपेतही येतो. तो दुःस्वप्नाचा परिणाम नसतो, कारण ठळक स्वप्ने प्रामुख्याने डोळ्यांच्या जलद हालचालींच्या निद्रावस्थेत पडतात, तर हा झटका बहुधा हलक्या झोपेतून गाढ झोपेत जाताना येतो.

स्वभावाचा संबंध येथेच येतो. मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांच्या व्यक्तिमत्त्व-सिद्धांतात मध्यवर्ती असलेला न्यूरोटिसिझम, म्हणजे नकारात्मक भावनांनी चटकन ढवळून निघण्याची प्रवृत्ती, या रुग्णांत सरासरीपेक्षा अधिक आढळतो. त्याहूनही महत्त्वाची ठरते ती चिंता-संवेदनशीलता, म्हणजे धडधडीसारख्या संवेदनाच घातक मानण्याची सवय. अशा व्यक्तीला झोप लागताना शरीर सैल पडणेही धोक्याचे वाटू शकते, मग ती अंथरुणालाच घाबरते, जागरण वाढते आणि अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची चिंता अधिक तीव्र होते. यात रुग्णाचा दुबळेपणा शोधणे हा निव्वळ अन्याय होय.

संज्ञानात्मक वर्तनोपचाराने संवेदनांचा हा चुकीचा अर्थ बदलता येतो, औषधांचाही उपयोग होतो; मात्र थायरॉइड, हृदयविकार आणि झोपेतील श्वासरोध यांची तपासणी अवश्य व्हावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य सल्ला मिळतो.