भिंत कधी ओली होते, ते आधी पाहा

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला येऊरचे डोंगर आहेत आणि दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. मधल्या चिंचोळ्या पट्टीत उभ्या राहिलेल्या अनेक टॉवरचे पार्किंग जमिनीखाली एक-दोन मजले उतरते. पावसाळा लागला की तिथे भिंतीच्या तळाशी काळपट पट्टा उमटतो, खांबांच्या कडेने पांढरी खार फुटते आणि संपमधला, म्हणजे पाणी गोळा होण्याच्या खड्ड्यातला, पंप रात्री-अपरात्री चालू होतो. कल्याण-डोंबिवलीतल्या जुन्या इमारतींना सहसा तळघर नसते. पण तिथे रस्त्यावर डांबराचे आणि मग काँक्रीटचे थर चढत गेले आणि रस्ता जोत्याच्या वर आला. पायऱ्या चढून जायच्या खोल्यांत आता पायऱ्या उतरून जावे लागते. तळमजल्याच्या अशा खोल्या कुणी खणलेल्या नसल्या तरी शास्त्राच्या दृष्टीने ती तळघरेच झाली आहेत.

दोन्हीकडचा उपाय मात्र एकच ठरलेला असतो: पोपडे खरवडायचे, पुट्टी भरायची आणि वर ‘वॉटरप्रूफ’ रंगाचे दोन हात मारायचे. एक-दोन पावसाळ्यांत पोपडे परत येतात, सोसायटीच्या सभेत वाद होतो आणि पुन्हा तोच खर्च मंजूर होतो. हा पैसा वाया जातो, कारण ओल हा एक आजार नाही. पाणी वेगवेगळ्या वाटांनी भिंतीत शिरते, प्रत्येक वाटेमागचे भौतिकशास्त्र वेगळे आहे आणि एका वाटेवरचा उपाय दुसरीवर चालत नाही.

पहिली वाट दाबाची. ठाणे परिसराचा पाया बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. अखंड पाषाणातून पाणी जवळजवळ जात नाही. ते जाते त्याच्या भेगांतून आणि वरच्या झिजलेल्या मुरमातून. येऊरच्या उतारावर पडलेला पाऊस या मुरमातून, खालच्या कठीण खडकाच्या पाठीवरून खाडीकडे सरकत असतो. तळघरासाठी खोदलेला खड्डा या प्रवाहाला आडवा येतो. त्याहून वाईट गोष्ट घडते ती भिंत बांधून झाल्यावर. भिंत आणि खडक यांच्यामधली फट पुष्कळदा बांधकामाच्या राबिटाने, विटांच्या तुकड्यांनी सैल भरली जाते. पावसाचे पाणी त्या पोकळ भरावात शिरते, खालचा खडक त्याला वाट देत नाही आणि इमारतीभोवती अदृश्य विहीर तयार होते. भूजलपातळी खोल असलेल्या जागीही तळघर का गळते, याचे उत्तर बहुतेक वेळा या भरावात असते.

साचलेल्या पाण्याची ताकद आपल्याला सहज जाणवत नाही. दर मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस मीटरला सुमारे एक टन असतो. बाहेर तीन मीटर पाणी उभे असेल, तर तळघराच्या तळाला, म्हणजे राफ्टला, प्रत्येक चौरस मीटरवर तीन टनांचा रेटा खालून वर बसतो. हजार चौरस मीटरच्या पार्किंगखाली तो तीन हजार टन भरतो. एवढ्या रेट्याखालचे पाणी चांगल्या काँक्रीटमधून आरपार येत नाही, ते दुबळी जागा शोधते: आदल्या दिवशीचे आणि दुसऱ्या दिवशीचे काँक्रीट जिथे जुळते तो सांधा, शटरिंग धरून ठेवणाऱ्या टाय रॉडची भोके, भिंत आणि राफ्ट यांचा कोपरा, पाइप आत येतो ती जागा. अशा ठिकाणी आतून लावलेला रंग म्हणजे पाण्याने मागून ढकललेला कागद. तो सुटणारच.

दुसरी वाट केशाकर्षणाची. वीट, सिमेंटचा गिलावा आणि विटांच्या सांध्यांतला मसाला (मॉर्टर) यांत सूक्ष्म नळ्यांचे जाळे असते. नळी जितकी बारीक, तितके पाणी वर चढते. एक मिलिमीटर त्रिज्येच्या काचनळीत ते जेमतेम 15 मिलिमीटर चढते, तर 0.01 मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत दीड मीटर. भिंतीत ते त्या मानाने वर जात नाही, कारण वाटेत पृष्ठभागावरून बाष्पीभवन होते. जिथे चढणारे आणि उडणारे पाणी समान होते, तिथे ओलीची रेघ थांबते, साधारण गुडघ्यापासून कमरेपर्यंत. म्हणूनच ओल्या भिंतीला तीन फूट टाइल किंवा पीव्हीसी पॅनल लावण्याची आपल्याकडची पद्धत मला घातक वाटते. बाष्पीभवनाची जागा बंद झाली की पाणी आणखी वर चढते आणि पुढच्या वर्षी टाइलच्या वर पोपडे दिसू लागतात. कल्याणच्या जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा चढवला की हेच होते. श्वास घेणारा चुना सिमेंटखाली कोंडला जातो.

तिसरी वाट या भागाशी फार जवळून बांधलेली आहे, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. ती मिठाची. मुंब्रा, कल्याण, डोंबिवलीतले मोठागाव इथल्या रेतीबंदरांवर खाडीतून उपसलेली रेती उतरत असे आणि जुन्या बांधकामांत ती वापरली गेली. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. अशी रेती गोड्या पाण्याने नीट धुतली नाही, तर मीठ भिंतीतच बांधले जाते. खाजणावर भराव टाकून उभ्या राहिलेल्या इमारतींत ते जमिनीतूनही वर येते. मिठाचा गुण असा की हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली, की ते हवेतले पाणी ओढून घेते आणि त्यातच विरघळते. आपल्या पावसाळ्यात हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. म्हणजे कुठेही गळती नसताना, बाहेर पाण्याचा थेंब साचलेला नसताना, भिंत निव्वळ हवेतून ओली होते. हिवाळ्यात हवा कोरडी पडते, मिठाचे पुन्हा स्फटिक बनतात आणि ते स्फटिक वाढताना गिलावा आतून फोडतात. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर कोरड्या भिंतीचे पोपडे का पडतात, हे कोडे इथे सुटते.

हाच क्षार काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचला तर प्रश्न रंगाचा उरत नाही. क्लोराइडमुळे सळईभोवतीचा संरक्षक थर मोडतो, गंज धरतो आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दोन ते सहापट जागा व्यापतो. त्या रेट्याने काँक्रीटचे आवरण सळईच्या रेषेत फुटते. भारतीय मानक आयएस 456 नुसार सळईच्या काँक्रीटमध्ये क्लोराइड घनमीटरला 0.6 किलोपेक्षा जास्त नसावे, ते याचसाठी. खांबावर उभी चीर आणि तिच्यातून तांबूस डाग दिसला, तर वॉटरप्रूफिंगवाल्याला नव्हे, स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवावे. हा भेद सोसायट्यांनी कधीही विसरू नये. यात माणसांचे जीव गुंतलेले असतात.

चौथी वाट दवाची. 30 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे 27 अंश असतो. तळघरातली फरशी किंवा थंड पाण्याचा पाइप त्याहून थंड असेल तर त्यावर घाम सुटतो. अशा दिवशी पंखे लावून बाहेरची हवा आत ओढली, तर ओल वाढते.

आता मूळ मुद्द्याकडे. यातली कोणती वाट आपल्या भिंतीत आहे, हे भिंतच सांगते, पण त्यासाठी ती कधी ओली होते याची नोंद ठेवावी लागते. जोरदार सरीनंतर काही तासांत पाणी आले, तर भराव, पन्हाळीचा पाइप किंवा रॅम्प बघा. पाऊस थांबून आठवडा झाला तरी सांध्यातून धार चालूच असेल, तर बाहेर पाणी साचून राहिलेले आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या सुमारास संपचे पाणी वाढत असेल, तर खाडीचा हात आहे. नळाला पाणी येण्याच्या वेळेनंतर ओल वाढत असेल, बाराही महिने, तर पुरवठ्याची लाइन फुटली आहे. पावसाळाभर सगळी भिंत एकसारखी चिकट आणि नोव्हेंबरात आपोआप कोरडी, हे लक्षण मिठाचे.

दोन साध्या चाचण्या यात मदत करतात. प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते आहे, बाहेरच्या बाजूला आले तर हवेतून. दुसरी चाचणी आरओवाल्याकडे असतो त्या, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरची. आधी नळाचे पाणी मोजा, मग संपचे. दोन्ही आकडे जवळ असतील तर नळाची गळती संशयित, आकडा हजारांत गेला तर खारे पाणी.

उपायाचे सूत्र असे, की पाणी ज्या बाजूने येते त्या बाजूला अडवावे. नव्या इमारतीत म्हणजे भिंतीच्या बाहेरून पडदा, प्रत्येक सांध्यात पीव्हीसीचा वॉटरस्टॉप, राबिटाऐवजी दाबून भरलेला मुरूम, आणि पायाशी खडीत पुरलेला सच्छिद्र पाइप, जो पाणी साचण्याआधीच संपकडे नेईल. राष्ट्रीय इमारत संहितेत तळघराच्या भिंती आणि तळ जलरोधक असावेत, वरचे पाणी आत शिरू नये, अशी अट आहेच. रेरा कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला दोष दाखवला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. सोसायट्यांनी पहिल्याच पावसाळ्यात फोटो आणि तारखांसह लेखी तक्रार द्यावी.

बांधून झालेल्या तळघरात बाहेरून खणणे क्वचितच शक्य असते. तिथे वाहत्या सांध्यात पॉलियुरेथेनचे इंजेक्शन चालते, कारण ते पाण्याशी संयोग पावूनच फुगते. एक जागा बंद केली की पाणी शेजारची शोधते, म्हणून काम टप्प्याटप्प्याने करावे लागते. सगळे पाणी अडवण्याचा हट्ट सोडून, भिंतीच्या कडेने आतून गटार काढून ते संपात नेणे हा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो. बाहेरचे पाणी निचरत राहिले की राफ्टवरचा रेटाही कमी होतो.

तळमजल्याच्या खोल्यांत पहिले काम जोत्याबाहेर आहे. गच्चीचा पाइप भिंतीच्या पायाशी सोडलेला असेल तर तो गटारापर्यंत न्या, भिंतीला टेकलेले बागेचे वाफे हलवा, जोत्याभोवती बाहेर उतार देणारा कोबा करा. ओल तरीही चढत असेल, तर फरशीच्या थोडे वर, विटांच्या सांध्यात 10-12 सेंटीमीटर अंतरावर भोके पाडून सिलेनयुक्त क्रीम भरतात. त्याने नळ्यांच्या भिंती पाणी नाकारू लागतात. मिठाने भरलेला गिलावा मात्र काढूनच टाकावा लागतो.

शेवटी वेळ. आपल्याकडे रंगकाम दिवाळीआधी काढतात, आणि त्याच वेळी भिंतीच्या पोटात वर्षातले सर्वाधिक पाणी असते. पाण्याचा मार्ग बंद झाल्यावर भिंत वाळायला ढोबळमानाने दर इंच जाडीला महिना लागतो. दोन्ही बाजूंनी वाळणाऱ्या नऊ इंची भिंतीला म्हणजे चार-साडेचार महिने. दुरुस्ती दिवाळीत केली, तर रंग गुढीपाडव्याला काढावा.