सक्रिय व्हिडिओ गेम

सक्रिय व्हिडिओ गेम म्हणजे ज्याचे नियंत्रण केवळ बोटांनी नव्हे, तर खेळाडूच्या हातापायांच्या किंवा सर्वांगाच्या हालचालींनी होते असा व्हिडिओ गेम होय. नाचणे, उड्या मारणे, ठोसे मारणे, तोल सांभाळणे, जागच्या जागी धावणे किंवा सायकल चालवणे या क्रिया खेळाडूला प्रत्यक्ष कराव्या लागतात आणि त्यांचे प्रतिबिंब पडद्यावर उमटते. व्यायाम आणि खेळ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांच्या जोडातून या प्रकारास 'एक्सरगेमिंग' असे नाव मिळाले आहे. मुलांना एका जागी बसवून ठेवतो म्हणून ज्या पडद्याला दोष दिला जातो, तोच पडदा त्यांना उभे करू शकेल काय, या प्रश्नामुळे वैद्यक, शारीरिक शिक्षण आणि फिजिओथेरपी या क्षेत्रांत या खेळांचा बराच अभ्यास झाला आहे. खेळताना होणारे श्रम खरे असतात, याविषयी फारसा मतभेद नाही. दिवसाच्या एकूण हालचालीत त्यांची भर पडते की नाही, हा वादाचा मुद्दा आहे.

इतिहास

जपानमधील बांदाई कंपनीने १९८६ साली निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रासाठी 'फॅमिली ट्रेनर' ही जमिनीवर अंथरायची चटई बाजारात आणली. तिच्यातील बटणांवर पाय आपटत धावले की पडद्यावरील खेळाडूही धावत असे. निन्टेंडोने १९८८ मध्ये उत्तर अमेरिकेत ती 'पॉवर पॅड' या नावाने विकली. पायांऐवजी हातांनी बटणे बडवून शर्यत जिंकण्याची युक्ती मुलांनी लवकरच शोधून काढली. यंत्राला चकवून श्रम वाचवण्याची ही वृत्ती पुढच्या पिढीच्या खेळांतही दिसते आणि अशा खेळांच्या रचनाकारांपुढील ती एक मोठी अडचण आहे.

या प्रकाराला खरी लोकप्रियता कोनामी कंपनीच्या 'डान्स डान्स रेव्होल्यूशन' या खेळाने मिळवून दिली. तो १९९८ मध्ये प्रथम जपानच्या गेम पार्लरमध्ये आला. पडद्यावर वर सरकणाऱ्या बाणांनुसार आणि संगीताच्या ठेक्यावर पायाखालचे चार बाण दाबायचे, एवढाच त्याचा नियम आहे. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याने २००६ मध्ये आपल्या सर्व, म्हणजे ७६५, सार्वजनिक शाळांत हा खेळ नेण्याची योजना जाहीर केली. बालकांमधील स्थूलता ही त्या राज्यापुढील गंभीर समस्या होती.

निन्टेंडोचे 'वी' हे यंत्र २००६ च्या अखेरीस आले. त्याच्या हातातील रिमोटमध्ये त्वरणमापक असल्याने रॅकेट फिरवावी तसा तो फिरवून टेनिस खेळता येत असे. पाठोपाठ डिसेंबर २००७ मध्ये जपानमध्ये 'वी फिट' प्रसिद्ध झाला. त्याचे रचनाकार शिगेरू मियामोतो यांना रोज स्वतःचे वजन करून त्याची नोंद ठेवण्याची सवय लागली होती आणि त्यातूनच या खेळाची कल्पना निघाली. मायक्रोसॉफ्टचे 'किनेक्ट' २०१० मध्ये, तर निन्टेंडोचा 'रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर' ऑक्टोबर २०१९ मध्ये आला. कोरोना साथीच्या आरंभी व्यायामशाळा बंद झाल्यावर या शेवटच्या खेळाचा अनेक देशांत तुटवडा पडला. त्याच काळात, जुलै २०२० मध्ये, 'झ्विफ्ट' या प्रणालीवर व्यावसायिक सायकलपटूंनी घरच्या सायकलींवरून आभासी टूर द फ्रान्स शर्यत केली.

हालचाल ओळखण्याचे तंत्र

खेळाडूला किती श्रम पडतील, हे यंत्र नेमके काय मोजते यावर अवलंबून असते. वीचा रिमोट फक्त हाताची हालचाल मोजतो. त्यामुळे टेनिसमध्ये पूर्ण हात फिरवणाऱ्याला आणि सोफ्यावर बसून मनगटाला झटका देणाऱ्याला जवळपास सारखेच यश मिळते. वी फिटच्या फळीला चारही कोपऱ्यांत दाबमापक आहेत. शरीराचा भार कोणत्या बाजूला झुकला आहे हे त्यांवरून कळते, मात्र हातांची हालचाल कळत नाही. पहिले किनेक्ट खोलीत अवरक्त किरणांच्या असंख्य ठिपक्यांचे जाळे टाकत असे आणि ते जाळे कुठे कसे विस्कटले यावरून शरीराच्या प्रत्येक भागाचे अंतर ठरवून वीस सांध्यांच्या जागा निश्चित करत असे. त्याला चकवणे तुलनेने कठीण होते. रिंग फिटमध्ये हातातील लवचीक कडे दाबावे किंवा ताणावे लागते आणि मांडीला बांधलेला पट्टा उठाबशांची खोली तपासतो.

श्रमांचे मोजमाप

व्यायामाची तीव्रता 'मेट' या एककात मोजतात. शांत बसलेल्या माणसाचा ऊर्जाव्यय म्हणजे १ मेट. ३ मेटपेक्षा कमी हालचाल हलकी, ३ ते ६ मेटची मध्यम आणि त्यापुढची जोरकस समजली जाते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात वी स्पोर्ट्स आणि वी फिट यांतील ६८ क्रिया प्रौढांकडून करवून घेऊन, बंदिस्त कक्षात त्यांचा ऊर्जाव्यय मोजण्यात आला. त्यांपैकी ४६ क्रिया हलक्या आणि २२ मध्यम ठरल्या, तर जोरकस वर्गात एकही बसली नाही.

मुलांवरील प्रयोगांचा निष्कर्षही याच दिशेचा आहे. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ ते १५ वर्षांच्या ११ मुलामुलींनी वीवर बोलिंग, टेनिस आणि मुष्टियुद्ध हे खेळ खेळले. बसून खेळायच्या गेमपेक्षा त्यांचा ऊर्जाव्यय किमान ५१ टक्क्यांनी अधिक भरला. तरीही तो प्रत्यक्ष मैदानी खेळाएवढा नव्हता आणि मुलांच्या रोजच्या शिफारस केलेल्या व्यायामात धरता येईल इतकाही नव्हता. पायांचा सतत वापर करायला लावणाऱ्या नृत्यखेळांत मात्र आकडे बरेच चढतात. मेयो क्लिनिकच्या २००६ मधील अभ्यासात नृत्यखेळ खेळताना मुलांचा ऊर्जाव्यय विश्रांतीच्या तुलनेत दुपटीहून अधिक झाला. म्हणून 'सक्रिय' हे विशेषण सर्व खेळांना सरसकट लावणे दिशाभूल करणारे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस आणि प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम शारीरिक हालचाल करावी. खेळ निवडताना हाच निकष उपयोगी पडतो.

दैनंदिन हालचालीवरील परिणाम

प्रयोगशाळेत घाम येतो, पण घरी काय होते? ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी ९ ते १२ वर्षांच्या मुलांना वी यंत्रे देऊन काहींना सक्रिय, तर काहींना बसून खेळायचे गेम दिले आणि १३ आठवड्यांच्या प्रयोगात अंगावर लावलेल्या मापकांनी त्यांची हालचाल नोंदवली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांच्या हालचालीत फरक आढळला नाही. मुले सक्रिय खेळ हलक्या हाताने खेळली असावीत किंवा तेवढी हालचाल त्यांनी दिवसाच्या इतर वेळी कमी केली असावी, अशी दोन स्पष्टीकरणे संभवतात. त्याआधी, २०११ मध्ये, न्यूझीलंडमधील वजन जास्त असलेल्या ३२२ मुलांवरील २४ आठवड्यांच्या चाचणीत सक्रिय खेळ मिळालेल्या गटाचा बॉडी मास इंडेक्स दुसऱ्या गटाच्या तुलनेत ०.२४ ने अनुकूल राहिला. हा फरक खरा असला, तरी अगदी लहान आहे.

दुसरी अडचण नावीन्य ओसरण्याची. जुलै २०१६ मध्ये आलेल्या 'पोकेमॉन गो' या मोबाइल खेळात काल्पनिक प्राणी पकडण्यासाठी खरोखरच रस्तोरस्ती हिंडावे लागते. भारतात तो त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये रिलायन्स जिओच्या सहकार्याने अधिकृतपणे उपलब्ध झाला. अमेरिकेतील १८ ते ३५ वयोगटाच्या खेळाडूंची पावले मोजणाऱ्या अभ्यासात पहिल्या आठवड्यात रोजची सरासरी ९५५ पावले वाढलेली दिसली. सहाव्या आठवड्यापर्यंत ही वाढ पूर्णपणे मावळली होती.

याउलट, लुइझियानातील 'गेमस्क्वॉड' या चाचणीत वजन जास्त असलेल्या १० ते १२ वर्षांच्या ४६ मुलांपैकी निम्म्यांना किनेक्टवरील खेळ, सहा महिन्यांचे ठरलेले वेळापत्रक, कुटुंबाचा सहभाग आणि व्हिडिओ कॉलवरून बोलणारा प्रशिक्षक असे सारे देण्यात आले. त्या मुलांचा वयानुरूप बॉडी मास इंडेक्स घटला. यंत्र ह्यूस्टनच्या मुलांनाही मिळाले होते. मोठा फरक होता तो वेळापत्रकाचा आणि विचारपूस करणाऱ्या माणसांचा.

पुनर्वसनातील वापर

पक्षाघातानंतर हातांची ताकद परत मिळवण्यासाठी आणि वृद्धांचा तोल सुधारण्यासाठी अनेक रुग्णालयांत हे खेळ वापरले गेले. त्याच त्या हालचाली शेकडो वेळा करण्याचा कंटाळा खेळामुळे कमी होतो, हे त्यामागचे मुख्य कारण. मात्र २०१६ मध्ये लॅन्सेट न्यूरॉलॉजीत प्रसिद्ध झालेल्या १४१ रुग्णांच्या चाचणीत, वीवर खेळणाऱ्या आणि पत्ते, डॉमिनो, जेंगा असे साधे खेळ खेळणाऱ्या गटांच्या हातांच्या सुधारणेत फरक दिसला नाही. वी निरुपयोगी असा याचा अर्थ नाही, कारण दोन्ही गटांत सुधारणा झाली होती. पण पत्त्यांचा जोड अत्यल्प किमतीत मिळतो. शिवाय उपकरणांचे आयुष्य बाजार ठरवतो. किनेक्टचे उत्पादन २०१७ मध्ये थांबल्यावर त्यावर उभारलेल्या उपचारप्रणालींना दुसरे कॅमेरे शोधावे लागले.

दुखापती

वीच्या पहिल्याच हिवाळ्यात हातातून निसटलेल्या रिमोटमुळे वस्तू फुटण्याच्या तक्रारी आल्या आणि निन्टेंडोने सुमारे ३२ लाख मनगटपट्ट्या बदलून देण्याची तयारी दाखवली. २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये स्पेनमधील एका डॉक्टरने, तासन्‌तास वीवर टेनिस खेळून खांद्याच्या स्नायुबंधाला आलेल्या सुजेला 'वीआयटिस' असे गमतीचे नाव दिले. प्रत्यक्ष टेनिसमध्ये रॅकेटचे वजन आणि धावण्याची दमछाक खेळाडूला वेळीच थांबवतात. पडद्यावरील टेनिसमध्ये तसा अडसर नसतो.