नव्या टाकीत मासे का दगावतात?

धारच्या मुंज तलावाचं पाणी कोणी बदलत नाही, तरी त्यात मासे जगतात. घरातल्या नव्या काचेच्या टाकीत मात्र आठवडाभरात उलटे तरंगू लागतात. पाणी नितळ दिसतं, पण माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सुटत असतो, आणि तो विषारी. तळ्याच्या गाळात, दगडांवर राहणारे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात. तेही विषारीच! मग दुसरे जीवाणू त्याचं बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात, आणि ते पाणवनस्पती खाऊन टाकतात.

नव्या टाकीत हे जीवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर वाळूत व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला या पाणवनस्पती रुजवा, फिल्टर चालू ठेवा, जीवाणूंना अमोनिया मिळावा म्हणून चिमूटभर माशांचं खाद्य टाकत राहा. मग थोडे मासे. कोळंबी अगदी शेवटी. ती फार नाजूक; तिला माशांच्या काही औषधांतलं तांबंही सोसत नाही.