पुराणवस्तूंचा ऑनलाइन व्यापार

पुराणवस्तूंचा ऑनलाइन व्यापार : प्राचीन नाणी, मुद्रा, मणी, मृत्पात्रे, मूर्ती, हस्तलिखिते इत्यादींची इंटरनेटद्वारा होणारी खरेदी-विक्री. लिलावगृहांची संकेतस्थळे, सर्वसाधारण मालाच्या विक्रीची संकेतस्थळे आणि समाजमाध्यमांवरील गट ही तिची प्रमुख माध्यमे होत. ह्या व्यापाराचा काही भाग कायदेशीर असतो. तथापि चोरीच्या, अवैध उत्खननातून मिळालेल्या आणि बनावट वस्तूही त्याच मार्गाने विकल्या जातात. ग्राहकाला वस्तूचे केवळ छायाचित्र व विक्रेत्याने दिलेले वर्णन एवढेच पाहावयास मिळत असल्याने त्यांतील भेद ओळखणे कठीण जाते.

स्वरूप : पुराणवस्तूंच्या संग्रहाचा छंद जुना आहे; परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार प्रामुख्याने लंडन, पॅरिस, न्यूयॉर्क यांसारख्या शहरांतील व्यापारी आणि लिलावगृहे यांच्या हाती होता. ग्राहकही मोजके व धनिक असत. ईबेसारखी संकेतस्थळे १९९५ नंतर प्रचारात आल्यावर हे चित्र पालटले. पूर्वी वाहतूक व दलाली यांच्या खर्चामुळे दूरदेशी विकणे न परवडणारी लहानसहान वस्तूही विक्रेय झाली. मोठी मूर्ती सीमेपार नेण्यास बनावट कागदपत्रे व मध्यस्थांची साखळी लागते. नाणी, मणी किंवा मेसोपोटेमियातील दंडगोलाकृती मुद्रा मात्र टपालाच्या पाकिटातून जाऊ शकतात. त्यामुळे ज्या स्थळी मोठ्या मूर्ती मिळण्याचा संभव नाही, अशी साधी वसाहतींची पांढरी व दफनभूमीही लुटारूंच्या दृष्टीने किफायतशीर ठरते.

संदर्भाचे महत्त्व : पुराणवस्तूचे ज्ञानमूल्य केवळ तिच्या घडणीत वा धातूत नसते. ती कोठे, कोणत्या थरात आणि कोणत्या वस्तूंच्या सान्निध्यात सापडली, ह्यावर ते अवलंबून असते. ह्या माहितीस पुरातत्त्वीय संदर्भ म्हणतात. नासिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडलेला चांदीच्या नाण्यांचा संचय हे ह्याचे बोलके उदाहरण होय. त्यात क्षहरात क्षत्रप नहपान ह्याची १३,००० हून अधिक नाणी होती. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी ह्याने आपली चिन्हे पुन्हा उमटविलेली आढळली. संचय एकत्रितपणे अभ्यासता आल्यामुळेच हे प्रमाण कळले आणि नहपानाचा पराभव केल्यावर गौतमीपुत्राने त्याचेच चलन आपल्या मुद्रेने चालू ठेवले, हा निष्कर्ष काढता आला. नासिकच्या लेण्यांतील शिलालेखात क्षहरातांच्या उच्छेदाचा जो उल्लेख आहे, त्यासही त्यामुळे दुजोरा मिळाला. हीच नाणी एकेक करून परस्पर विकली गेली असती, तर प्रत्येक ग्राहकाच्या हाती एक चांगले नाणे आले असते. इतिहास मात्र कोणाच्याच हाती लागला नसता.

उलट उदाहरण अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील दायमाबादचे आहे. तेथे १९७४ मध्ये हत्ती, गेंडा, रेडा व बैल जोडलेला रथ ह्यांच्या ब्राँझच्या मूर्ती योगायोगाने सापडल्या. त्या शासनाच्या ताब्यात आल्या, पुढे त्या स्थळाचे उत्खननही झाले. तथापि मूर्ती निश्चित थरात, शास्त्रीय उत्खननात मिळालेल्या नसल्याने त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. स्थळ ज्ञात असताना ही स्थिती. मग ज्या वस्तूचे स्थळच दडविले जाते, तिच्याविषयी निश्चित असे फारच थोडे सांगता येते.

नैतिक प्रश्न : संग्राहकांच्या बाजूने असे म्हटले जाते, की खाजगी संग्रहांमुळे दुर्लक्षित वस्तू टिकतात, त्यांविषयी आस्था वाढते आणि जुन्या संग्रहांतील वस्तूंच्या विक्रीने कोणाचीही हानी होत नाही. ह्या म्हणण्यात तथ्यांश आहे. नाणकशास्त्राच्या अभ्यासात हौशी संग्राहकांचा वाटा मोठा आहे. तथापि प्राप्तिस्थान न विचारता वस्तू घेणारा ग्राहक पुढील उत्खननास पैसा पुरवितो, ही गोष्ट नाकारता येत नाही. वस्तू आधीच जमिनीतून निघालेली आहे, हे समर्थनही अपुरे पडते. कारण तिला मिळालेली किंमत पाहूनच दुसरी खणली जाते. युद्धग्रस्त प्रदेशांत ह्या प्रश्नाला आणखी गंभीर रूप येते. एप्रिल २००३ मध्ये बगदादच्या राष्ट्रीय संग्रहालयातून सु. १५,००० वस्तू लुटल्या गेल्या. सिरियातील लुटीच्या व्यापारातून सशस्त्र गटांना पैसा मिळत असल्याने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २०१५ मध्ये तेथील पुराणवस्तूंच्या व्यापारास प्रतिबंध करणारा ठराव संमत केला. फेसबुकनेही २०२० मध्ये आपल्या माध्यमावर पुराणवस्तूंच्या विक्रीस मनाई केली.

खरेदीदाराची जोखीम : पहिली जोखीम बनावटपणाची होय. ऑनलाइन विक्रीमुळे लुटीला ऊत येईल, अशी प्रारंभी भीती होती. परंतु निदान स्वस्त वस्तूंच्या बाबतीत अस्सल वस्तू खणण्यापेक्षा नकली वस्तू घडविणे कारागिरांना अधिक सोपे व लाभदायक ठरले, असे निरीक्षण अमेरिकन पुरातत्त्वज्ञ चार्ल्स स्टॅनिश यांनी २००९ मध्ये नोंदविले. कृत्रिम गंज चढविलेली नाणी केवळ छायाचित्रावरून तज्ञालाही खात्रीने ओळखता येत नाहीत.

दुसरी जोखीम मालकीची. तमिळनाडूतील पत्तूर येथे १९७६ मध्ये जमिनीत सापडलेली नटराजाची मूर्ती एका कॅनेडियन कंपनीने १९८२ मध्ये लंडनमध्ये विकत घेतली. खरेदी सद्‌भावनेने केल्याचा तिचा दावा होता. तरीही इंग्लंडच्या न्यायालयांनी मूळ मंदिराचा हक्क मान्य केला आणि मूर्ती १९९१ मध्ये भारतात परत आली. तमिळनाडूतीलच श्रीपुरंदन येथील नटराज ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलावीथीने २००८ मध्ये ५० लाख डॉलरना घेतला. तो भारतातील १९७२ च्या कायद्यापूर्वीच देशाबाहेर गेल्याचे कागदपत्रांत दाखविले होते. पण १९९४ मध्ये तो मंदिरातच होता, हे पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडील छायाचित्रांवरून सिद्ध झाले व २०१४ मध्ये तो परत करावा लागला. तज्ञ व वकील दिमतीस असलेल्या संस्था जेथे फसतात, तेथे एकट्या ग्राहकाचा संगणकाच्या पडद्यावरील कागदपत्रांवर विसंबून निभाव लागणे कठीणच.

कायदे : सांस्कृतिक संपत्तीची अवैध आयात, निर्यात व हस्तांतर रोखण्यासाठी युनेस्कोने १९७० मध्ये करार संमत केला, भारताने तो १९७७ मध्ये स्वीकारला. त्यापूर्वी वस्तू मूळ देशाबाहेर गेल्याचा पुरावा अनेक संग्रहालये आता मागतात. भारतात १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक किंमतीच्या धनाची खबर जिल्हाधिकाऱ्यास देणे बंधनकारक आहे. १९७२ चा पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान १०० वर्षांची वस्तू आणि किमान ७५ वर्षांचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावशेष ठरते. देशांतर्गत विक्रीस परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस निर्यात करता येत नाही. अवैध निर्यातीस सहा महिने ते तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. विक्रेता आणि ग्राहक परस्परांना न भेटता व्यवहार करीत असले, तरी हे नियम त्यांना लागू असतात. भारत व अमेरिका यांच्यात २०२४ मध्ये सांस्कृतिक संपत्तीविषयी करार झाला. यूरोपीय संघाने आयातीवर घातलेले कडक निर्बंध २८ जून २०२५ पासून पूर्णपणे लागू झाले.

दक्षता : खरेदीपूर्वी विक्रेत्याचा परवाना, वस्तूचे प्राप्तिस्थान, पूर्वीच्या मालकांची क्रमवार माहिती व निर्यातीचे अनुमतिपत्र पाहणे आवश्यक असते. चोरीस गेलेल्या वस्तूंची इंटरपोलची सूची २०२१ पासून भ्रमणध्वनीवरही पाहता येते. मात्र अवैधरीत्या खणलेली वस्तू कोणत्याच सूचीत नसते. ती जमिनीखाली असताना तिची नोंद झालेलीच नसते. म्हणून सूचीत नाव नसणे हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. ‘जुन्या खाजगी संग्रहातून’ एवढेच वर्णन असलेली वस्तू न घेणे, हाच अभ्यासकांच्या मते सुरक्षित व नीतिसंमत मार्ग होय.