आधारचे फोटो आणि ‘आपला छोटा धंदा’

कर्जत, नेरळ, भिवपुरीकडच्या फार्महाऊसवाल्यांजवळ ग्राहकांच्या माहितीचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं: “ते कायदे गूगल-फेसबुकला. आपल्या चार खोल्या!” खोपोलीतले क्लासवालेही हेच सांगतात. हे साफ चूक आहे, आणि शिकलेली माणसं ठासून सांगतात तेव्हा तर संताप येतो.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि व्यावसायिकांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या मे २०२७ पासून लागू होणार आहेत. उलाढाल इतकी असेल तरच, ग्राहक इतके असतील तरच, अशी अट त्यात कुठेही नाही. ती कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आहे. आपल्या कायद्याच्या कलम १७ नुसार स्टार्टअपसारख्या काही व्यावसायिकांना ठरावीक कलमांतून सूट मिळू शकते, पण ती केंद्र सरकारने अधिसूचना काढून द्यायची. मालकाने मनाने घ्यायची नाही.

आता शनिवारचं बुकिंग बघा. दहा जणांच्या आधार कार्डांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवले जातात. एजंटाकडून ते मालकाकडे, मालकाकडून केअरटेकरकडे. केअरटेकरच्या गॅलरीत किराणाच्या बिलाशेजारी कुणाच्या तरी आईचा आधार क्रमांक, जन्मतारीख, घरचा पत्ता. पाहुणे रविवारी गेले तरी फोटो तिथेच. तो फोन चोरीला गेला तर? फोन केअरटेकरचा असला तरी जबाबदारी मालकाची. नव्या नियमांनुसार त्याने त्या दहाही जणांना आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, शिवाय मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेत हयगय केली तर दंड २५० कोटींपर्यंत. ही कमाल मर्यादा आहे; चूक किती गंभीर, नुकसान किती, हे पाहून मंडळ रक्कम ठरवतं. तेव्हा घाबरून गेट बंद करायचं कारण नाही, पण निर्धास्त राहायचंही नाही.

“पोलीस मागतात ना!” नोंद जरूर ठेवा. परदेशी पाहुण्याची माहिती तर २४ तासांत कळवावीच लागते. पण त्यासाठी आधारचे फोटो चार फोनांवर फिरवावे लागत नाहीत. ओळखपत्र काउंटरवर बघा, आधारच असेल तर मास्क्ड आधार घ्या. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि तो यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून फुकट मिळतो. प्रत हवीच असेल तर एकाच जागी, कुलपात किंवा पासवर्डखाली ठेवा. नियमांनी ठेवायला सांगितलेली मुदत संपली की पुसा.

“वहीत लिहिलं की सुटलो”: वही कायद्याबाहेर आहे, पण तिच्या पानाचा फोटो काढून पाठवलात की तो मजकूर कायद्याच्या कक्षेत आला.

“नंबर त्यांनीच दिला, मग पावसाळी ऑफर पाठवली तर काय बिघडलं?” नंबर बुकिंगसाठी दिला होता. जाहिरातीसाठी वेगळं विचारा.

“कॉलेजची पोरं मोठीच असतात”: कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण मूल आहे. ट्रेकिंग शिबिराचा ऑनलाइन फॉर्म भरून घेताना पालकांची पडताळता येणारी संमती लागेल.

“सूचना इंग्रजीत छापली की झालं”: नाही. संमतीआधीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यायचा आहे. मराठी त्या २२ भाषांत आहे.