दारूवरील उपचार आणि संशोधनाचा पैसा

अंबरनाथजवळच्या पालेगांवांतील एखाद्या कामगाराची दारू सुटेनाशी झाली, तर घरच्यांनीं काय करावें? पुण्यास १९८६ पासून ‘मुक्तांगण’ आहे. परंतु तेथें जाऊन राहावयाचें तर रोजंदारी बुडते, आणि चारचौघांत बोभाटा होतो तो वेगळाच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत अशा शंभरांपैकीं सुमारें ८६ जण उपचारावांचूनच आढळले.

मग उपचारच घराजवळ आणतां येईल काय? गोव्यांतील ‘संगाथ’ संस्थेनें वेलकम ट्रस्टच्या अनुदानावर हें पडताळून पाहिलें. डॉक्टर नव्हेत अशा स्थानिक माणसांना शिकवून तिनें प्राथमिक आरोग्यकेंद्रांत बसविलें. अपायकारक प्रमाणांत पिणारे ३७७ पुरुष निवडले. त्यांतील निम्म्यांशीं हीं माणसें फार तर चार वेळां बोललीं. २०१७ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : तीन महिन्यांनीं अजिबात न पिणारे यांत ४२ टक्के, इतरांत १८. जे पीतच राहिले, त्यांचें प्रमाण मात्र उतरलें नाहीं.

अशा कामीं औषधाला पैसा थोडा लागतो. तो लागतो माणसें शिकविण्यास, आणि वर्षानें पुन्हा रुग्णाच्या दारीं जाऊन विचारण्यास. आणि देणगीदाराला इमारत दिसते, ही फेरी दिसत नाहीं.